भोरड्यांची राखण

१४ डिसेंबर
आन् पुन्हा तेच. बाचं कार्ड: लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या निघाल्या, इकडंच बघ काहीतरी, हैद्राबादच्या बागेत कुणाच्या झाडांना पाणी पाजून राहिला? जिल्हा नवा झाला म्हणून उदगीरच्या विहिरींना पाणी आलं का? यंदा पाऊसच न्हाई. आमची विहिरीखालची वीस गुंठे जवारी तेवढी उभी. वर्षाचं खाणं तेवढंच.
"जवारीच्या राखणीला ये, न्हाईतर माणूस लावायला पैसे धाड." बाचा खांदा गेला, गोफण फिरत न्हाई. मी इथं रोजावर. चार दिवस गेलो की जागेवर दुसरा उभा.

१९ डिसें.
संध्याकाळी भोरड्या आल्या, जवारीवर पडणारी पाखरं. गुलाबी पोट, काळं डोकं. त्याच. आभाळ काळं करून तळ्याकाठच्या वडावर बसल्या. खाली दुर्बिणवाले लोक वा वा करून राहिले. एवढ्या जर आमच्या रानात उतरल्या तर न्याहारीलाच...

२३ डिसें.
येडेपणा केला. रोपं बांधायच्या सुतळीची गोफण वळली होती, उगं हाताला चाळा. पाखरं उतरायला लागली आन् तोंडातून आपसूक हाऽहाऽ निघालं, खडा सुटला. सगळा वड उडाला.
दुर्बिणवाल्यांतले म्हातारे खानसाब उठले. "मेहमानां कू पत्थर मारता क्या रे?"
म्हणालो, "साब, ये मेहमान हमारे घर कू बी आते. खाके जाते, बर्तन बी नइं छोडते."
सगळे हसले. आमच्यावरचा बागेचा जमादार हसला न्हाई. गोफण काढून घेतली. "फिर दिखा तो सीधा गाँव."

२ जानेवारी
कार्ड. कणसात दूध भरलं. माय बांधावर बसून तेलाचा डबा वाजवती, दुपारपतुर हात सुजतो. भोरडी अजून दिसली न्हाई. "दिसायच्या आत ये."
रोज वडाखाली जाऊन बघतो. इथं हायत तवर तिकडं न्हाईत. तीच पाखरं थोडीच असतील, कळतं. तरी बघितल्याबिगर झोप न्हाई.

७ जाने.
वड रिकामा. दोन कावळे.
खानसाब तोंड पाडून बसलेले. "दाना भर गया हुइंगा कईं. चले गए." कोणीकडं? त्यांनी हात केला तो बिदरच्या अंगाला. बिदरच्या पुढं आमचंच रान.
जमादाराला सुट्टी मागितली. "जा. लेकिन वापस नक्को आ."
न्हाई गेलो. लई वेळ फाटकापाशी उभा होतो, पण...

८ जाने.
पोस्टात बाबू म्हणाला, साधी मनीऑर्डर आठ दिवस. पाखराला बिदर ओलांडायला एक दुपार लई झाली. जवळ होतं तेवढं सगळं पुढं ठेवलं, तारेनं करा म्हणालो. खर्च त्याच्यातूनच कापा. निरोपात लिहिलं: आजच माणूस लावा. आज म्हंजी पैसे पोचतील तो दिवस.
तारेचा खर्च वजा जाता बाच्या हाती रु. ५२.