नाक्यावरचा फ्लेक्स मी उतरवला

दिपेशदादा,

नाक्यावरचा ‘भावी सीए मनाली’ फ्लेक्स मीच उतरवून माळ्यावर टाकलाय. मंडळाच्या पोरांवर ओरडू नकोस.

अकाउंटिंगची डिग्री मी सोडतेय. आज ठाण्याला जाऊन भूगोलाला ॲडमिशन घेते. एवढं घासूनही डोक्यात काही शिरत नव्हतं. वर्गात विचारलं की सर म्हणायचे, क्लास लाव. क्लासवाले म्हणायचे, पाठ कर. तुला सांगायला आले, तर तू फ्लेक्स लावलास, आणि त्यातही तुझा गॉगलवाला फोटो माझ्यापेक्षा मोठा.

मम्मीला सकाळीच सांगितलंय, तिचं रडून झालंय. आमटी गरम करून घे.

कोणी विचारलं तर फ्लेक्स वाऱ्याने पडला म्हणू नकोस. बहिणीला झेपलं नाही, तिनेच उतरवला, असं सांग.

मनाली