बिनगिअरची मोटार आणि वरवटचा टिळा

२० जानेवारी १९६५, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. मोटार घेतली. सेकंडहँड, पण साहेबाची. हा गोरा साहेब दीड वर्ष आमच्या लोणारच्या सरोवराचे दगड फोडून डब्यात भरत होता. आता मुलखाला चालला.

गाडीला गिअर नाही. एकच लिव्हर. पुढं ढकलला की गाडी पुढं, मागं ओढला की मागं. इंजिनपासून चाकापर्यंत सगळं काम दोन रबरी पट्ट्यांवर. वेग बदलेल तशी पुली आपोआप लहानमोठी होते. एवढं ऐकलं आणि मी समजलो, ही गाडी माझ्यासाठीच बनलेली आहे. अठरा वर्षं पिठाची गिरणी चालवतोय. गिअरमधलं मला कळत नाही, पण पट्ट्यातलं अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला कळत नसेल.

साहेबाचा खानसामा म्हणाला, की साहेब म्हणून राह्यले का पट्टे घासले हायेत, नवे विलायतेहून बोलवा. मी मान डोलावली. साहेबाचा विषय दगड. पट्टा हा त्याचा विषय नाही.

२३ जानेवारी
आमच्या पोरीच्या, सिंधूच्या, सासऱ्यांना, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांना, पत्र टाकलं. उकंडराव, मुक्काम वरवट बकाल. मुलगा निवृत्ती, संग्रामपूरला मास्तर. पसंती झाली आहे. ७ मार्चला, रविवारी, दुपारी चारला टिळा. पोरीच्या बापानं मुलाच्या घरी जाऊन त्याला टिळा लावायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, की सोयरीक पक्की. त्याआधी कितीही बोलणी होवोत, ती हवेत.

पत्रात गाडीबद्दल दोन पानं लिहिली. दाराशी गाडी वळवायला जागा ठेवावी, गुरंढोरं लांब बांधावीत, आम्ही एस.टी.नं येत नसतो वगैरे. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की सोयरीक पोरीची हाय का मोटारची. तिला व्यवहार कळत नाही. एकुलती एक पोरगी आहे. बापाची पत दिसली की तिथं तिला मान मिळेल. हे सगळं मी सिंधूसाठीच करतोय.

२७ जानेवारी
पहिली ट्रायल. गाडी लोण्यासारखी चालते. विशेष म्हणजे जेवढी पुढं पळते तेवढीच मागंही पळते. असली सोय दुसऱ्या कुठल्या गाडीत असेल असं वाटत नाही.

शेजारच्या तानुबाईच्या कडब्याच्या गंजीत शिरली. मागून. चूक गंजीची. रस्त्याला लागून गंजी घालायचीच कशाला? तानुबाई बरंच काही बोलली. ते इथं लिहीत नाही.

४ फेब्रुवारी
गाडी निघताना किंचाळते. लोक दारात येतात. मला वाटलं कौतुकानं. सौ. म्हणते, डुक्कर मारून राह्यले वाटते लोकाईले.

निदान ताबडतोब झालं: पट्टा घसरतोय. गिरणीत रोजचं आहे. पट्टा घसरला की त्यावर राळेची पूड टाकायची, पकडतो. उद्या राळ.

५ फेब्रुवारी
राळ टाकली. किंचाळणं बंद. अठरा वर्षांचा अनुभव तो अनुभव.

६ फेब्रुवारी
पट्टा पुलीला चिकटून बसला. गाडी जोरात पळताना पुली जशी असते तशीच अडकली. आता एकदा वेगात असली तर छान पळते, पण जागची हलत नाही. म्हणजे धावत्या गाडीत दोष शून्य. फक्त सुरुवातीचा प्रश्न आहे.

चौघांनी ढकलून सुरू केली. साळ्यानंही हात लावला. साळा म्हणजे रंगराव, सौ.चा भाऊ, भाजीपाला पिकवतो, वांगी आणि मेथी यांपलीकडे जग नाही. हात पुसत म्हणाला, भाऊजी, टिळ्याले एस.टी.नं जाऊ ना, सकाळची मेहकर गाडी पकडली की खामगाव, खामगावहून शेगाव, अन् तिथून वरवट. मी म्हणालो, बघू. म्हणजे नाही.

९ फेब्रुवारी
डिझेलनं राळ धुवून काढली. पट्टे काळे कुळकुळीत, नव्यासारखे दिसतात.

१२ फेब्रुवारी
पट्टे फुगले. दाबले की बोट आत जातं. तज्ज्ञ म्हणून माझं मत: रबर ताजं होतंय.

गुलाबराव मिस्त्रीला दाखवलं. हा गावातली ऑइल इंजिनं आणि पंचायत समितीची जीप दुरुस्त करतो. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, भगवंतराव, हा गिरणीचा पट्टा नोहे. याच्या कडेवर पकड असते, वरती नाही. याले राळ नाही चालत, डिझेल त बिलकूल नाही. काही लावू नका, साहेबानं सांगतलं तसे नवे बोलवा, दोन महिने लागतीन.

दोन महिने. सात मार्च तीन आठवड्यांवर. शिवाय माझ्या गिरणीतला पट्टा त्यानं आजवर एकदाही बसवलेला नाही, मीच बसवतो. थोडा मत्सर वाटला त्याच्या बोलण्यात. मागवण्याचं पत्र लिहिलं, पण टाकलं नाही. आधी आपल्या पद्धतीनं बघू.

२१ फेब्रुवारी
डावा पट्टा तुटला. बाजारातून येताना. महत्त्वाचा शोध: एक पट्टा तुटला तरी गाडी दुसऱ्यावर चालते. म्हणजे इतके दिवस मी एक पट्टा फुकट झिजवत होतो.

सिंधू विचारत होती, बाबा, गाडी नसली त चालणार नाही का. मी म्हणालो, तू काळजी करू नको. ती घागर घेऊन पाण्याला गेली. काळजी संपली असावी.

२८ फेब्रुवारी
उजव्या पट्ट्याचे धागे निघायला लागले. तरी चालतोय. चिवट माल आहे.

४ मार्च
निर्णय घेतला. गिरणीचा मोठा पट्टा उतरवला, कापला, कडेनं रंधा मारल्यासारखा तासला, चामड्याच्या वादीनं शिवला, आणि डाव्या पुलीवर बसवला. काय बसलाय. विलायतेत हे बघितलं असतं तर त्यांनी कारखान्यात बोलावलं असतं.

गिरणी बंद. बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या. तानुबाई पुढं होती. म्हणाली, काऊन हो, आमी जवारी कच्ची खाऊ का? मी म्हणालो, चार दिवसांचा प्रश्न आहे, पोरीचं काम आहे. यावर त्या डबे घेऊन खालच्या आळीतल्या गिरणीत गेल्या. लोक समजूतदार आहेत. डबे घेऊन खालच्या आळीतल्या गिरणीत गेल्या.

६ मार्च
सगळी तयारी. टोपी, धोतरजोडी, नारळ, पेढे. पंचांग पाहिलं. पहाटे सहाला निघणार. ऐंशी मैल. फार तर साडेतीन तास. म्हणजे साडेनऊला वरवटला, मग साडेसहा तास काय करायचं हा प्रश्न आहे. उकंडरावांना वरवटभर चक्कर मारवून आणू.

गुलाबराव वाटेत भेटला. म्हणाला, तुमी एस.टी.नंच जाऊन राह्यले ना? मी हसलो.

७ मार्च, सकाळी ६
निघतोय. मी, सौ., रंगराव. सिंधूनं गाडीला हळदकुंकू लावलं.

७ मार्च, सकाळी ६.५०
सुलतानपूरच्या पुढं. किरकोळ थांबा. शिवलेला पट्टा सांध्यातून सुटून पुलीत अडकला, त्यानं उजवाही नेला. म्हणजे उजवा गेलेला नाही, अर्धा आहे. अर्ध्या तासाचं काम.

७ मार्च, ७.३०
मेहकर एस.टी. आली. रंगरावानं हात केला. थांबली. सौ. म्हणाली, चला. मी म्हणालो, गाडी रस्त्यावर सोडून जाता येत नाही, चाकं काढून नेतील. तुम्ही व्हा पुढं, मी खामगावच्या आत तुम्हाला गाठतो.

सौ. म्हणाली, टिळा बापानं लावायचा असते. मी म्हणालो, मी चारच्या आत तिथं आहेच. ती टोपी-धोतराची पिशवी उचलून एस.टी.त चढली. रंगराव खिडकीतून म्हणाला, भाऊजी, राहू द्या ना ते, या. कंडक्टरनं घंटी मारली.

७ मार्च, ९.४५
पट्टा पुन्हा शिवला. सांधा मजबूत आहे.

७ मार्च, १०.१०
सांधा तुटला.

७ मार्च, ११.३०
दुसरी एस.टी. गेली. हात केला नाही. आता थोडक्यात राहिलंय.

७ मार्च, दुपारी १
लिव्हर पुढं पडत नाही. मागं पडतो. पट्टा धड नाही, पण मागं जाताना धरतो. कारण शोधायला वेळ नाही.

विचार केला, वरवटपर्यंत उलटं गेलं तर? वेग तोच. पण मेहकरच्या चढाचा भरवसा नाही. शिवाय उकंडरावांच्या दारात पाठमोरं पोचणं बरं दिसणार नाही.

७ मार्च, ४
इथं बाभळीखाली बसलोय. चार वाजले. घड्याळात दोनदा पाहिलं.

७ मार्च, संध्याकाळी ७
घरी पोचलो. आठ मैल मागं मागं आलो. गाडीचं तोंड शेवटपर्यंत वरवटकडंच होतं. वेशीवर लोक उभे होते. सिंधूनं हातपाय धुवायला पाणी दिलं.

८ मार्च
सौ. आणि रंगराव दुपारी परतले. टिळा झाला. रंगरावानं लावला. मामाचा मान असतोच, त्यामुळं शास्त्राला धक्का नाही. सौ.नं तिथं सांगितलं, की गिरणीचं काम अचानक निघालं, ते येऊ शकले नाहीत. गिरणी तर चार दिवस बंद होती. पण ती असं म्हणाली.

१३ मार्च
उकंडरावांचं पत्र. लिहितात, की तुमचं जानेवारीतलं पत्र वाचून आम्ही घाबरलो होतो. मोटारवाल्याची पोरगी आमच्या घरात नांदेल का, म्हणून नाही म्हणावं असं घरात ठरत आलं होतं. कसं कळवावं एवढंच राहिलं होतं. पण तुमच्या मंडळी आणि पाहुणे एस.टी.तून धुळीनं भरलेले उतरले, हातपाय धुवून चुलीजवळ बसले, तेव्हा मन निवलं. माणसं आपल्यातलीच निघाली.

म्हणजे गाडी वरवटला न नेणं हा निर्णय किती बरोबर होता. पुढचं-मागचं पाहूनच घेतलेला निर्णय होता तो. सौ.ला हे समजावून सांगितलं. ती पोळी भाजत होती. तशीच भाजत राहिली.

१४ मार्च, रविवार
गिरणीला नवा पट्टा आणला. दळणाला दोनच बायका आल्या. तानुबाई आली नाही.

दुपारी ओट्यावर बसून सिंधूला सांगत होतो, की पट्टा कडेनं कसा धरतो आणि राळेनं नेमकं काय बिघडलं. तिनं ऐकून घेतलं. मग मान खाली घालून विचारलं, बाबा, तिकडं विहीर किती दूर हाय? अन् पाणी गोडं हाय का खारं?

तिकडं वरवटच्या बाजूला बऱ्याच विहिरी खाऱ्या आहेत, हे मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. जन्मभर तिला ते पाणी शेंदायचं आहे, वरण त्यात शिजवायचं आहे. पोरगी दोन महिने हेच मनात धरून होती आणि मी टिळ्याला जाऊन येईन, मग विचारू म्हणून थांबली होती. मी तर तिथवर पोचलोच नव्हतो.

रंगराव वांग्याची पाटी घेऊन आला होता, त्यानं दारातूनच ऐकलं. म्हणाला, सिंधे, विहीर परसातच हाय, रहाट नवा हाय, अन् पाणी गोडं हाय. म्या पोचल्याबरोबर पयले वंजळीनं पिऊन पाह्यलं, मंगच टोपी बाहेर काढली.

सिंधू हसली. टिळा झाल्यापासून पहिल्यांदा.

मला फार वाईट वाटलं. चारला बाभळीखाली बसलो होतो तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. एस.टी. दोनदा माझ्यासमोरून गेली. आणि खरं लिहायचं तर, मी वेळेवर पोचलो असतो तरी पाणी पिऊन पाहायचं मला सुचलं नसतं. मी उकंडरावांना पट्टे दाखवत बसलो असतो.