खुराड्यावरचा बोर्ड

बाबा,

कोंबड्यांच्या खुराड्यावर गोणपाट टाकलंय, कारण वरचा पत्रा मी काढून नेलाय. ‘धरणाचे पाणी केव्हाही सोडले जाते, नदीत उतरू नये’ असं त्याच्या खालच्या बाजूला लिहिलंय. ते कोंबड्यांनी वाचून काय करायचं? पिकनिकला भाड्याने देतो त्या आपल्या कोन गावच्या नदीकाठच्या जागेवर चाललेय. बोर्ड होता तिथेच ठोकणार. कुणालला ओरडू नका. तुमचा मुलगा अजून झोपलाय, टेम्पोची चावी मी त्याच्या खिशातून काढली.

बोर्ड बघून पाहुणे माघारी जातात, असं तुम्ही म्हणता. जाऊ देत. तुम्ही पुन्हा काढलात तर मी पुन्हा लावीन, आणि तेव्हा बुडाशी सिमेंट ओतीन. सून उलट बोलते म्हणून गावभर सांगा, मला चालेल.

कुकर झालाय. वरण तेवढं गरम करून घ्या.

आणि मागच्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. धरणाचा भोंगा वाजला तेव्हा पाहुणे पोराबाळांसकट पाण्यात होते. त्यांनी विचारलं, तर तुम्ही खुर्चीतूनच म्हणालात, “काय न्हाय, लूमचा भोंगा हाय, शिफ्ट सुटली.” मी ओरडत गेले, हाताला धरधरून एकेकाला वर काढलं. छोट्या मुलीची चप्पल वाहून गेली तर तुम्ही हसलात.

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात, बाबा. ती माणसं ठाण्याची, त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.

निशा