पूजेतले पाने

नागपूर, आश्विन शु. ४, शके १८९६

ती. सौ. यमुताई वन्संना सुभद्रेचा सा. न. वि. वि.

घट बसले, अखंड दिवा नीट आहे. तुमचे बंधू मात्र देवीपेक्षा जुन्या गाडीचीच आराधना करून राहिले. इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं जड झाकण, काढून दुसरं तासून आणलं. एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवून राहिले. चालत्या गाडीला हे काहून, विचारलं तर म्हणतात, म्हातारीले दोन नाकं लावतो, मग शामलेला आणताना धापणार नाही. जुनं डोकं मी भंगारात जाऊ दिलं नाही. लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बरं आहे. भाची शामलेची तब्येत कळवा. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

आपली, सुभद्रा

कुही, शु. ७

चि. सौ. सुभद्रा हिस अ. उ. आ.

मनोहरले सांग, लहानपणी त्यानं माझं शिवणयंत्र खोललं होतं, ते अजून कापड चावते! शामलेची मात्र काळजी वाटते. डॉक्टर म्हणाले, बाळ आडवं आहे, कळा लागल्यावर वेळ मिळणार नाही. दसऱ्यालाच नागपूरच्या दवाखान्यात न्या. एस.टी.चे धक्के तिले सोसणार नाहीत. सकाळीच गाडी धाड वं. माया आहे तशीच असू दे.

तुझी, यमुताई

नागपूर, शु. ९, खांडेनवमी

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

काल काम संपलं. आज इतवारीपर्यंत फिरवली; हरणासारखी पळते म्हणे. येताना पुढून थोडी वाफ दिसली. मेकॅनिक बळीराम सणाला मौद्याला जाताना बजावून गेला की इंजिन थंड झालं की डोक्याचे नट पुन्हा आवळा, त्याशिवाय लांब नेऊ नका. नाहीतर पाणी निघून जाऊन गाडी रस्त्यातच बसेल.

पण आज हत्यारांची पूजा. नट आवळायचे सगळे पाने मी पहाटेच धुऊन, हळदकुंकू लावून देवीपुढे मांडले होते. गल्लीत ज्यांच्याकडे आहेत, त्यांचेही पूजेतच. यांनी मागितले. मी म्हटलं, मांडलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी आमच्या घरी कुणी उचललं नाही. रागावले, मग हसले; म्हणाले, ठीक आहे, तुह्या देवीच्या भरवशावर जातो. नेम राखला, आता शामलेचं भलंच होईल. पत्र यांच्याच हाती देते. पहाटे निघतील. माझ्यावर माया राहू द्या.

सुभद्रा

कुही, विजयादशमी

सुभद्रे,

मायना लिहायला सवड नाही. मनोहर आला तेव्हा गाडीच्या पुढून चुलीवरच्या केटलीसारखी वाफ निघत होती. विहिरीचं दोन घागरी पाणी ओतलं. शामलेला कळा लागल्या होत्या, जावईबापू तिला धरून मागे बसले, अन् मनोहर चहाही न घेता निघाला. निघता निघता खिडकीतून तुझं पत्र दिलं. गाडी वळणाआड गेली तेव्हा ते वाचलं.

हे एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते. त्याले सांगितलं, वाटेत निळी गाडी उभी दिसली तर थांबजो गा, माही लेक आहे त्यात. शामला दवाखान्यात पोचल्याचं तुले कळलं असेल तर हे फाडून टाक. नसेल तर पूजेतले पाने उचल वं, अन् कुणालाही कुहीच्या रस्त्यानं धाड. देवीले तोंड मी देईन.

यमुताई