प्रार्थना मागणारा दगड

किलारन, ४ मार्च १९५३

चि. फिंटन यास डिम्प्नाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आईचे सांधे धरलेत, बाकी ठीक. बातमी मात्र वाईट आहे. चर्चच्या दफनभूमीतला तो हजार वर्षांचा कोरीव दगड नाहीसा झालाय. ‘याच्यासाठी प्रार्थना करा’ एवढीच अक्षरं उरलेला, नाव झिजलेला, तोच. डब्लिनहून एक विद्वान बघायला आले, तर जागेवर नुसता खड्डा! राखण बाबांकडे, म्हणून बोटंही त्यांच्याकडेच. म्हणे, राखणदार मॅलकीनंच अमेरिकन पाहुण्याला विकला. बाबांनी जेवण टाकलंय. परवा पोलीस येणार आहेत. जीव थाऱ्यावर नाही बघ.

मोजे ओले राहू देऊ नकोस.
तुझी ताई

लिव्हरपूल, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांनी दगड विकला असता तर निदान ती भोकाची टोपी तरी बदलली असती! पण हसवत नाही गं. रजा मागितली, तर मुकादम म्हणाला, बाप मेलाय का? पोलीस काय म्हणाले? लहानपणी बाबांनी मला एकदाच मारलं होतं, दफनभूमीच्या भिंतीपलीकडच्या काटेरी झुडपांत गेलो म्हणून. तिथे कुणी पाहिलं का?

लगेच लिही, माझी झोप उडालीय.
तुझा फिंटन

किलारन, १५ मार्च

चि. फिंटन यास अ. उ. आ.

पोलीस रिकाम्या हातांनी गेले. मग मी झुडपांत शिरले. दगड तिथेच होता. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं तिथे पुरतात, पवित्र मातीत त्यांना जागा नाही. बाबांना विचारलं तर ढसाढसा रडले. माझ्याआधी आईला मुलगा झाला होता, मेलेलाच. बाबांनी एकट्यानं नेऊन पुरला. म्हणाले, दगड मीच हलवला; मी गेल्यावर ती जागा कुणाला कळणार? नाव तर दगडावरही नाही, पण तो प्रार्थना तरी मागतो.

काल चर्चचे फादर टियर्नी घरी आले. बाबांनी सगळं सांगून टाकलं. फादरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, दगड परत ठेवावाच लागेल, मॅलकी. पण प्रार्थना मी करीन. नाव काय घेऊ?

बाबांनी मान खाली घातली. तेव्हा चुलीपाशी बसलेली आई, वर न बघता, म्हणाली की त्याचं नाव लॉर्कन.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

जपून राहा. रविवारी तूही त्याचं नाव घे.
तुझी ताई