पोटाशी बोलायचा क्लास

कांदिवली, ३ जुलै २०२५

ती. लताआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र. गेल्या वर्षी बाळ पोटातच गेलं, तेव्हा सगळे म्हणाले, विसरून जा. आता पाचवा लागल्यावर तेच म्हणतात, बाळाशी बोल. बोरिवलीला गर्भसंवादाचा क्लास लावलाय. आई घाबरली की बाळाच्या मेंदूची वाट लागते, असं तिथल्या मॅडम हसत हसत सांगतात. प्रीतम रोज पोटाला तोंड लावून सत्ताविसाचा पाढा म्हणतो. सासूबाईंना नातवंड डॉक्टर झालेलं हवंय, म्हणून त्या पोटातल्या बाळाला हाडांची नावं ऐकवतात. मी मात्र एक शब्द बोललेली नाही. जीव लावला आणि हेही गेलं तर? मी आई म्हणून नापास आहे का गं?

नानांना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
ऋतिका

मुलुंड, ८ जुलै

चि. सौ. ऋतिकास,
अ. उ. आ.

नाना म्हणतात, प्रीतमला म्हणावं निदान बेच्या पाढ्यापासून सुरुवात कर. थट्टा सोड. आमच्या शेजारची शर्मिष्ठा हॉस्पिटलात समुपदेशक आहे. ती म्हणाली, एकदा पोळलेली बाई जीव लावायला घाबरणारच, त्यात नापास काही नाही. दोघं तिच्याकडे या. बाळासाठी नको, तुमच्यासाठी या. मी बाहेर बसेन.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी,
आत्या

कांदिवली, २४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शर्मिष्ठाताईंनी बाळाशी बोल म्हटलंच नाही. त्यांनी आधीच्या बाळाबद्दल विचारलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी रडले. प्रीतमही रडला. म्हणाला, पाढा म्हणताना डोक्यात दुसरं काही येत नाही, म्हणून म्हणतो. इतके दिवस आम्ही एकाच घरात वेगवेगळे घाबरत होतो.

क्लासात मॅडमनी बाळाला आनंदाचा निरोप द्यायला सांगितलं. मी म्हटलं, मला भीती वाटते. मग शेजारची म्हणाली, मला पण. तिच्यापलीकडची तर रडायलाच लागली. मॅडमनी तिथे लावलेल्या बासरीचा आवाज मोठा केला.

काल मेथी निवडताना बाळ हललं. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, की अरे, मी पण घाबरलेय, तू हलत राहा. क्लासात याला शून्य मार्क मिळाले असते. पण ते परत हललं.

तुझ्या मायेत आता मला आणि बाळाला, दोघांना धर.
तुझी,
ऋतिका