त्या खोलीतलं बोलणं

नांदेड, ६ जानेवारी २०२५

चि. मुग्धास लताआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर ह्यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. पोटातलं बाळ गमावलेल्या बायकांना तुम्ही लातुरात एका खोलीत बसवून बोलतं केलंत म्हणे. आमची वैष्णवीही होती, असं तिथं आलेल्या एका बाईकडून कानावर आलं. सहाव्या महिन्यात बाळ गेल्यापासून सून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. सर्वेशला विचारलं तर म्हणतो, आई, राहू दे. माझ्यावर राग आहे का तिचा? ती काय बोलली, तेवढं कळव. माझ्या भावाची लेक तू, आत्यापासून कसली चोरी? शेंगांची चटणी कुटून ठेवली आहे. आधी उत्तर, मग डबा.

तुझीच,
आत्या

लातूर, १३ जानेवारी २०२५

ती. आत्यास मुग्धाचा शि. सा. नमस्कार.

लाच लई भारी आहे, तरी नाही. कोण आलं होतं, हेसुद्धा सांगणार नाही. इथलं बाहेर जाणार नाही, असा शब्द आम्ही प्रत्येकीला दिला होता. एकमेकींचं बाहेर न्यायचं नाही, असा शब्द त्यांच्याकडूनही घेतला होता. तरी कुणीतरी नेलंच. ते तुझ्या पत्रातून कळलं. माझ्या जोडीला काम करणारी मुबश्शिरा म्हणाली, आता सगळ्यांना पुन्हा भेटून हे सांगायलाच हवं. तेच करून राहिलो. त्या बाईला तू तरी पुढं बोलू देऊ नकोस.

वैष्णवीच्या मनात काय आहे, ते तिलाच विचार. ती सांगेल तेवढं तुझं. रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी,
मुग्धा

नांदेड, २ फेब्रुवारी २०२५

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

रागावले होते. बरेच दिवस घरात तुझं नावही काढलं नाही. मग लातूरची गाडी धरली. वैष्णवीला सरळ सांगितलं की, तू तिथं गेली होतीस हे मला कळलं, ते कळायला नको होतं. पण मुग्धानं एक शब्द सांगितला नाही. तिचा चेहराच उतरला. बराच वेळ मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, दवाखान्यात तुम्ही मला ‘होईल गं दुसरं’ असं म्हणाला होतात. मी धीर द्यायला म्हटलं, अन् तिला वाटलं, हे बाळ मी हिशेबात धरलंच नाही. तिचे हात हातात घेऊन मी रडले. मग तीही रडली.

मुग्धा, तिनं बाळाचं नाव ठेवलं होतं. ते मला सांगितलं. तुला लिहीत नाही. तू ऐकलं आहेस की नाही, तेही विचारत नाही.

तुझी,
आत्या